डोंगरातलं घर आणि मधला माणूस

दर रविवारी संध्याकाळी धाकट्याचा टोकियोहून फोन येतो. आमच्याकडे तळोज्याला साडेसहा वाजलेले असतात, त्याच्याकडे रात्रीचे दहा. गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्याने नेहमीची विचारपूस (गुडघा, गोळ्या, लिफ्ट सुरू आहे का) लवकर आटोपली आणि म्हणाला, "आई, एक फोटो पाठवलाय. बघ आणि सांग."

फोटो एका घराचा होता. मागे डोंगर, त्यावर ढग उतरलेले, पुढे दगडांचा गडगा, उतरतं छप्पर आणि लाकडी ओटी. क्षणभर मला वाटलं, अरे, हे तर आपलं पोलादपूरचं घर! मग लक्षात आलं की ओटीवर झोपाळा नाही आणि छपरावर कौलांऐवजी पत्रा आहे. घर जपानातल्या नागानो प्रांतातलं होतं. १९९८ साली हिवाळी ऑलिंपिक झालं तोच हा डोंगराळ प्रांत. किंमत पंचवीस लाख येन, म्हणजे आपले साधारण चौदा लाख रुपये. एवढ्यात आमच्या तळोज्यात हल्ली एका खोलीचं घरही मिळायचं नाही!

"घ्यायचं म्हणतोय," धाकटा म्हणाला. "मालकीणबाई थेट विकायला तयार आहेत. एजंट घातला तर तीन लाख तीस हजार येन वर जातील. तुला काय वाटतं, एजंट घ्यावा की नको?"

खरं सांगू? मला एजंटाचं काहीच वाटलं नाही. मला राग आला. आंबेनळी घाटाच्या अंगाला, सावित्रीच्या खोऱ्यात आमचं स्वतःचं डोंगरातलं घर सहा वर्षं कुलूप लावून पडलंय. वाशांना वाळवी लागली आहे. आणि आमचे चिरंजीव दुसऱ्याचं बंद घर उघडायला निघालेत! पण चाळीशी ओलांडलेल्या मुलाला तोंडावर असं बोलता येत नाही. "बाबांना विचारून सांगते," म्हणाले आणि फोन ठेवला.

यांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग एवढंच म्हणाले, "मागचं पाणी कुठे जातं ते विचार त्याला."

त्या प्रश्नापाशी मी परत येणार आहे. त्याआधी ही घरं इतकी स्वस्त का, ते सांगते, कारण मलाही ते आधी खरं वाटलं नव्हतं.

जपानात बंद पडलेल्या घराला आकिया म्हणतात. २०२३ च्या सरकारी पाहणीत अशी नव्वद लाख घरं मोजली गेली, म्हणजे देशातल्या दर शंभर घरांत जवळजवळ चौदा. नागानोसारख्या डोंगराळ प्रांतात तर साधारण पाचातलं एक घर रिकामं. मुलं टोकियो-ओसाकाला गेली, आईवडील म्हातारे झाले, मग तेही गेले. (ओळखीचं वाटतंय ना?) शिवाय तिथे लाकडी घराचं कराच्या हिशोबातलं आयुष्य बावीस वर्षं धरतात. त्यापुढे घराची किंमत जवळजवळ शून्य, राहते ती जमिनीची. आपल्याकडे जुनं घर म्हणजे पुंजी, तिकडे ते पाडायचा खर्च अंगावर येतो म्हणून लोक घाबरतात.

या घरांना माणसं मिळावीत म्हणून तिथल्या नगरपालिका 'आकिया बँक' चालवतात. बँक म्हणजे पैशांची नव्हे, घरांची यादी. घराचे फोटो, किंमत, दुरुस्ती काय लागेल ते त्यात लिहिलेलं असतं. पालिका घर दाखवते, दोघांची गाठ घालून देते आणि बाजूला होते. व्यवहार तुमचा तुम्ही करा, नाहीतर परवानाधारक एजंटामार्फत करा. परदेशी माणसालाही जमीन आणि घर आपल्या नावावर घेता येतं. फक्त घराला लागून शेत असेल तर ते घ्यायला गावच्या कृषी समितीची परवानगी लागते.

इथे मला आपल्या कायद्याची एक गंमत आठवली. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर कूळ कायद्याप्रमाणे शेतकरी असावं लागतं. आमचा धाकटा शेतकऱ्याचा नातू आहे. पण तो परदेशात राहतो, आणि अनिवासी भारतीयाला परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने मिळालं तर चालतं. म्हणजे तो आज पोलादपुरात एक गुंठा भातजमीन विकत घेऊ शकत नाही, पण नागानोत डोंगरावरचं घर घेऊ शकतो! हे कळल्यावर माझा राग थोडा उतरला. सगळाच दोष त्याचा नव्हता.

आता एजंटाविषयी. हा शब्द ऐकला की माझ्या कपाळावर आठी येते, आणि त्याला कारणं आहेत.

२०१२ साली आम्ही निवृत्तीच्या पैशांतून तळोज्यातलं हे घर घेतलं, तेही आधीच्या मालकाकडून, एका गृहस्थामार्फत. त्यांनी दलाली रोख मोजून घेतली. ताबा मिळाल्यावर सोसायटीने आमच्या हातात बेचाळीस हजारांच्या थकबाकीचा कागद ठेवला. गृहस्थांना फोन केला तर म्हणाले, "बाई, माझं काम घर दाखवायचं. थकबाकी तुम्ही विचारायची होती." शाळेत पस्तीस वर्षं मुलांना 'विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही' हे उत्तर कधी चालवून घेतलं नव्हतं. इथे चालवून घ्यावं लागलं.

दुसरा अनुभव गावाकडचा. तीन वर्षांपूर्वी आम्ही घर झाडायला गेलो असताना एक तरुण गाडीतून आला. "मुंबईची पार्टी आहे, फार्महाऊससाठी बघतेय," म्हणाला. रस्ता किती फुटी आहे ते विचारलं, मोबाइलवर चार फोटो काढले. ओटीवर पाय ठेवला नाही, घरात डोकावला नाही. सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत म्हटल्यावर हसून म्हणाला, "सह्यांचं मी बघतो." त्या हसण्याने माझ्या पोटात गोळा आला. तो गेल्यावर हे बराच वेळ गडग्यावर बसून होते.

तेव्हा माझा कौल ठरलेला होता. एजंट नको! धाकट्याला तसं कळवलंसुद्धा. आणि शेपटीला यांचा प्रश्न जोडला.

तो प्रश्न घेऊन धाकटा त्या गावी गेला आणि तिथे सगळं चित्र पालटलं. घराच्या मागे डोंगरातून उतरणारा एक पऱ्या होता, पानांनी बुजलेला. पालिकेत जाऊन त्याने धोक्याचा नकाशा मागितला. तिकडे प्रत्येक गावाचा असा नकाशा असतो. दरड येऊ शकेल ती जागा पिवळी, आणि जिथे घर पडून जीव जाण्याची भीती आहे ती लाल. हे घर लालमध्ये होतं.

आम्हा रायगडकरांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं. त्याच दिवशी आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गेली, ती तर इथून फार लांबही नाही. दुरून डोंगर साजरे, हे आम्ही शाळेत म्हण म्हणून शिकवत होतो. डोंगराखाली राहणाऱ्यांना त्याचा अर्थ वेगळा कळतो.

पुढे कागद पाहिले तर घर अजून मालकीणबाईंच्या आजोबांच्या नावावर. वारस किती, कुठे आहेत, त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. जपानात हा घोळ इतका वाढला की १ एप्रिल २०२४ पासून वारसाची नोंद तीन वर्षांत करणं सक्तीचं झालं. न करणाऱ्याला एक लाख येनपर्यंत दंड. जुन्या प्रकरणांनाही मार्च २०२७ अखेरची मुदत दिली. बाई लबाड नव्हत्या बरं का. मागचं पाणी, लाल रंग, आजोबांचं नाव, यातलं त्यांनी काही लपवलं नाही. त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि सांगायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. थेट व्यवहारातला धोका मला तेव्हा समजला. दोन्ही बाजूंना सज्जन माणसं असली तरी घराचं दुखणं मधेच राहून जाऊ शकतं.

ते घर सुटलं. जानेवारीत दुसरं सापडलं, साठ लाख येनचं, पिवळ्याही पट्ट्यात नसलेलं. या वेळी मधे एजंट होता. करार करण्याआधी त्याने धाकट्याला कार्यालयात बसवून सगळा कागद वाचून दाखवला. धाकट्याचं जपानी बोलण्यापुरतं, म्हणून ऑफिसातला एक मित्र सोबत होता. दोन तास वाचन चाललं! छप्पर ईशान्येला गळतं. मैलापाण्याची टाकी अमुक सालची. पूर्वेची हद्द शेजाऱ्याबरोबर मोजलेली नाही. घर १९८१ च्या जूनआधीचं, म्हणजे भूकंपाच्या नव्या नियमांत बसत नाही. मागचं छोटं शेत कृषी समितीच्या परवानगीशिवाय मिळणार नाही. हे असं वाचून दाखवणं हा तिथल्या एजंटाचा भलेपणा नाही, कायद्याने लागतं. परीक्षा पास झालेल्या माणसानेच, आपलं ओळखपत्र दाखवून, हे करायचं असतं. त्यात काही लपवलं तर परवान्यावर गदा येते.

धाकट्याने मला ते सगळं फोनवर ऐकवलं आणि मला तळोज्यातले बेचाळीस हजार आठवले.

त्याची दलाली कायद्याने ठरलेली असते. गमतीची गोष्ट अशी की पूर्वी ती किमतीच्या टक्क्यावरच होती, त्यामुळे स्वस्त घरांना एजंट हात लावत नसत. वीस लाखांच्या घराला जेवढी पायपीट तेवढीच दोन कोटींच्या घराला, मग वीस लाखांचं कोण घेणार? म्हणून जुलै २०२४ पासून ऐंशी लाख येनपर्यंतच्या घरांना तीन लाख तीस हजारांपर्यंत घेण्याची मुभा दिली. आपले पावणेदोन-दोन लाख रुपये झाले. जास्त वाटतात खरे. पण ते घर दाखवण्याचे नाहीत, न विचारलेलं सांगण्याचे आहेत, असं मी आता म्हणते. नोंदणीचं काम करणारा परवानाधारक लेखनिक तर वेगळाच लागतो. एजंट घ्या न घ्या, त्याला टाळू नये.

आपल्याकडे काय? २०१६ चा रेरा कायदा आला, महाराष्ट्रात मे २०१७ पासून महारेरा सुरू झालं, एजंटांची नोंदणी आली, २०२३ मध्ये त्यांना परीक्षाही लावली. चांगलंच झालं. पण ही सक्ती नोंदणी झालेल्या प्रकल्पांतली घरं विकणाऱ्यांना आहे. आमच्यासारखं जुनं घर किंवा डोंगरातलं वाडवडिलांचं घर विकायला आजही खिशात मोबाइल असला की पुरतो. म्हणजे मी ज्याला शिव्या देत होते तो 'एजंट' नव्हताच. ज्याला काही सांगण्याचं बंधन नाही असा मधला माणूस होता.

तरीही एजंटाला न कळणारी एक गोष्ट असते. आमच्याकडे जुने लोक म्हणायचे, डोंगरातलं घर श्रावणात बघावं. उन्हाळ्यात काय, सगळीच घरं चांगली दिसतात. मी धाकट्याला म्हटलं, "तुमचा श्रावण म्हणजे फेब्रुवारी. तेव्हा जाऊन राहा आणि मग सही कर." तो चार दिवस त्या गावातल्या खानावळीवजा घरात राहिला. कंबरेएवढा बर्फ. पालिकेचं यंत्र रस्ता साफ करतं ते शेजाऱ्याच्या फाटकापर्यंत, पुढचं आपलं आपण. छपरावरचा बर्फ वेळच्या वेळी काढावा लागतो, आणि तो काढताना पडून दर हिवाळ्यात तिकडे म्हातारी माणसं दगावतात. घर बंद करून टोकियोला परतायचं तर नळांतलं सगळं पाणी सोडून द्यायचं, नाहीतर गोठून नळ फुटतात. हे त्या दोन तासांच्या कागदात नव्हतं. शेजारच्या आजोबांनी चहा पाजून सांगितलं.

आणि विकणाऱ्या आजीबाईंनी (ऐंशीच्या पुढच्या, आता मुलीकडे ओसाकाला राहतात) एजंटाच्या समोर त्याला एकच गोष्ट विचारली. वसंतात सगळं गाव मिळून पाटातला गाळ काढतं, त्या दिवशी याल ना? किमतीबद्दल त्या अवाक्षरही बोलल्या नाहीत. धाकटा "येईन" म्हणाला. एप्रिलमध्ये व्यवहार झाला, मे महिन्यात तो फावडं घेऊन पाटात उतरला होता. फोटो आलाय. चिखलाने माखलेला आमचा इंजिनियर!

हे वाचून आमच्या पुण्याच्या भाच्याचे डोळे चमकतील, कारण त्याच्या डोक्यात पोर्तुगालचा डोंगर आहे. बाबा रे, तुझी गोष्ट वेगळी. धाकटा तिथे कमावतो आणि तिथेच खर्च करतो. उद्या परत आला तरी ते घर त्याला ठेवता येईल. तू इथून पैसे पाठवणार. रिझर्व्ह बँकेची ती योजना २००४ साली पंचवीस हजार डॉलरपासून सुरू झाली, आज माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. पण २०१३ मध्ये काही काळ त्यातून परदेशात घर घेणं बंदच केलं होतं, हे लक्षात ठेव. दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक वीस टक्के कर आधी कापून घेते. तो नंतर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. विवरणपत्रात परदेशातली मालमत्ता दरवर्षी दाखवावी लागते. आणि घर घेतलं की राहायचा परवाना मिळतो या भ्रमात राहू नकोस. जपानात तो कधीच मिळत नव्हता, पोर्तुगालनेही घरखरेदीवरचा गोल्डन व्हिसा ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद केला. एवढं करूनही जायचं असेल तर जा, पण आधी तिथला हिवाळा बघ आणि वाचून दाखवणारा माणूस घे.

आता माझी गोष्ट. त्या आजीबाई माझ्या डोक्यातून जात नाहीत. मी इतके दिवस या प्रकरणाकडे घेणाऱ्याची आई म्हणून पाहत होते. पण खरं तर मी त्या बाजूची नाहीच. मुलं दूर गेलेल्या बंद घराची मालकीण, ती मी. फरक इतकाच की आजीबाईंचे कागद नीट होते म्हणून त्यांना मनासारखा माणूस निवडता आला. पहिल्या घराच्या बाईंना ते जमलं नाही. आणि आमचं घर? घरपट्टी अजून आजेसासऱ्यांच्या नावाने येते. सातबाऱ्यावरच्या चौदा नावांतले पाच जण हयात नाहीत. उद्या एखादा भला माणूस "मी इथे राहीन, पाटाचा गाळ काढायला येईन" म्हणून आला, तरी त्याला आम्ही काय देणार? कुलूप?

घर विकायचं की दुरुस्त करायचं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. यांना विकायचं नाही, थोरल्याला विकायचंय, मला रोज वेगळं वाटतं. पण दोन्हीच्या आधी एक काम आहे. सरकारने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, ती याचसाठी होती. मृतांची नावं कमी करून वारसांची लावायची. आमच्यापैकी कोणीच हललं नाही. सगळ्यांना वाटलं, दुसरा कोणीतरी करेल.

तेव्हा मधला माणूस मीच व्हायचं ठरवलंय. दलाली नाही, परवाना नाही, पण पस्तीस वर्षं हजेरी घेतल्याची सवय आहे. हे वाचणाऱ्या नातेवाइकांनी कृपया नोंद घ्यावी. नागपूरच्या भावजींनी मामंजींच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत शोधून ठेवावी. डोंबिवलीच्या जाऊबाईंनी त्यांच्याकडची जुनी घरपट्टीची पावती पाठवावी. बडोद्याच्या मंडळींनी निदान फोन उचलावा! पाऊस ओसरला की मी आणि हे गावी जाऊन ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे (आपले पूर्वीचे तलाठी) अर्ज देणार आहोत.

आणि हो, यांनी जाताना फावडं घ्यायला सांगितलंय. मागच्या पऱ्यातला गाळ सहा वर्षांत कोणी काढलेला नाही.